आरओपीचे लेझर झालेल्या बाळाला मायनस साडेआठ नंबर: तो येतो कुठून आणि पुढे काय होते?

मुक्ताई_२८ (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली. जन्माच्या वेळी वजन १०८० ग्रॅम होते आणि पहिले नऊ आठवडे ती नवजात अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या आठवड्यापासून डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासत होते. गर्भकाळ धरून छत्तिसाव्या आठवड्यात आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढण्याचा आजार) वाढल्याचे त्यांनी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही डोळ्यांना लेझर केले. पडदा वाचला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.

आता ती चौदा महिन्यांची आहे, म्हणजे सुधारित वयाने (पूर्ण दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजले तर) अकरा महिन्यांची. मागच्या आठवड्यात थेंब घालून नंबर काढला तेव्हा उजव्या डोळ्याचा मायनस साडेआठ आणि डाव्याचा मायनस सहा निघाला. शिवाय दोन्हींत थोडा सिलिंडर आहे. आम्हा दोघांनाही चष्मा नाही. घरी पाहते तर ती ताटलीतला एकेक कुरमुरा उचलून आधी नाकाशी नेते, निरखते आणि मग तोंडात घालते. दारात उभी राहून मी हसले तर तिला कळत नाही, बांगड्या वाजल्या की मात्र वळते.

माझे प्रश्न तीन आहेत. हा नंबर लेझरमुळे आला का? लेझरऐवजी इंजेक्शनला होकार दिला असता तर तो टळला असता का? आणि इतक्या लहान बाळाला दिवसभर चष्मा लावावाच लागतो का? सासूबाईंचे म्हणणे असे की डोळा अजून वाढायचा आहे, तेव्हा नंबर आपोआप उतरेल.

काकूबाई

मुक्ताई, आजींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. माझ्या नातवाचा नंबर दोन वर्षांत उतरला होता. पण तो पूर्ण दिवसांचा होता आणि नंबर प्लसचा होता, त्यामुळे माझे उदाहरण तुम्हाला कितपत लागू पडेल, ते जाणकारांनी सांगावे. काजळ मात्र कोणीही सांगितले तरी घालू नका.

तिरकस_डॉक्टर

मी लहान मुलांचे डोळे आणि तिरळेपणा पाहतो, म्हणून हे टोपणनाव. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर समजले की बाकीची उत्तरे सोपी होतात.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा डोळा समोरून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो. मोठ्या माणसाचा साडेतेवीस ते चोवीस. जन्मतः बहुतेक बाळांना साधारण प्लस दोनच्या आसपास नंबर असतो. त्यानंतर डोळा लांब होत जातो आणि त्याच सुमारास समोरचे पारपटल (कॉर्निया) सपाट व आतले भिंग पातळ होते. लांबी वाढल्याने नंबर मायनसकडे जायला हवा, पण पारपटल आणि भिंग आपली ताकद कमी करून तो हिशेब जुळवून घेतात, त्यामुळे नंबर शून्याजवळ येऊन स्थिरावतो.

शाळकरी मुलांना जो मायनस नंबर लागतो त्यात डोळा गरजेपेक्षा लांब झालेला असतो; मोठ्या डोळ्यात एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. आरओपी झालेल्या बाळाचे तसे नसते. त्याच्या डोळ्याची लांबी मोजली तर ती वयाच्या मानाने नेहमीइतकी, किंबहुना थोडी कमीच निघते, आणि तरीही नंबर मायनस आठ असतो! कारण दोष पुढच्या भागात आहे: पारपटल अजून तीव्र गोलाईचे, पुढचा कप्पा उथळ आणि भिंग जाड. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पुढचा भाग जणू काही महिने मागेच थांबून राहिलेला असतो. म्हणून ‘डोळा वाढला की नंबर उतरेल’ ही आशा येथे धरता येत नाही. उलट पुढे लांबीही वाढली तर आधीच्या नंबरात तिची भर पडते.

भिंगवाला

चष्म्याच्या दुकानात वीस वर्षे काढली, पण लांबी कमी आणि नंबर जास्त, हे गणित आज प्रथमच नीट समजले. डॉक्टरसाहेब, मग लेझरचा यात हात किती?

तिरकस_डॉक्टर

थोडे मागून सांगावे लागेल. पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास डोळ्याच्या मज्जातंतूपाशी उगवतात आणि वेलीसारख्या कडेकडे सरकतात. नाकाकडच्या कडेला त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतात, कानाकडच्या कडेला जवळजवळ चाळिसाव्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा वेल अर्ध्या वाटेवर असतो. पुढचा भाग रक्ताविना राहतो, प्राणवायूसाठी व्हीइजीएफ नावाचे रसायन सोडतो आणि त्या हाकेने नको तिथे, नको तशा वाहिन्या फुटतात. त्यांनी पडदा ओढून उचलला तर दृष्टी जाते. लेझर हा रक्ताविना राहिलेला भाग जाळून ती हाक बंद करते.

आता नंबर. अजिबात उपचार न लागलेल्या, सौम्य आरओपी होऊन बसलेल्या बाळांतही मायनस नंबर पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त आढळतो. अमेरिकेतल्या क्रायो-आरओपी अभ्यासात १२५१ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांत, तीन महिन्यांपासून साडेपाच वर्षांपर्यंत केव्हाही तपासले तरी, सुमारे २० टक्क्यांना मायनस नंबर होता. आजार जितका तीव्र, तितके प्रमाण आणि नंबर दोन्ही जास्त. म्हणजे दोष केवळ लेझरचा नाही. तरीही लेझरचा वाटा असावा असे मानायला जागा आहे, कारण पडद्याची कड डोळ्याच्या पुढच्या भागाला वाढीचे संदेश देते असे दिसते आणि ती कडच आपण जाळतो.

रोखठोक

सगळे खरे, पण मूळ चूक रुग्णालयाचीच ना? वारेमाप ऑक्सिजन लावायचा, मग पडदा बिघडला की लेझर, मग चष्मा. आरओपी म्हणजे ऑक्सिजनने केलेला आजार, हे पन्नास वर्षांपूर्वीच कळलेले होते.

मेलबर्नकर

पन्नास नव्हे, सत्तरहून अधिक वर्षे झाली. आमच्याच शहरात केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५१ मध्ये जास्त ऑक्सिजन आणि या अंधत्वाचा संबंध मांडला होता. आजाराचे पहिले वर्णन त्याआधी १९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी केले. पण रोखठोक, गोष्ट तिथेच संपत नाही. ऑक्सिजन सरसकट आवळल्यावर अंधत्व कमी झाले, पण मृत्यू वाढले.

वैनगंगा

मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. मेलबर्नकरांच्या मुद्द्याला जोड देते. २०१० साली ‘सपोर्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही बाळांच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवले आणि काहींचे ९१ ते ९५ वर. कमी ऑक्सिजनच्या गटात तीव्र आरओपी कमी झाला, पण बाळे जास्त दगावली. आम्ही आता साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतो आणि अलार्म त्यानुसार लावतो. मॉनिटरवर ९९ दिसले की नातेवाईक खूश होतात आणि आम्ही ऑक्सिजन कमी करायला धावतो. मग ‘ऑक्सिजन का काढता’ म्हणून बोलणीही खातो.

कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याने पडदा खराब झाला, असेही पुष्कळ आया म्हणतात. बाळांच्या डोळ्यांवर येणारा प्रकाश कमी करून पाहण्याचा प्रयोगही झाला होता. १९९८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: आरओपीत फरक पडला नाही.

आपल्याकडे चूक बहुधा ऑक्सिजनपेक्षा तपासणीत होते. जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा चौतीस आठवड्यांआधीचा जन्म, अशा प्रत्येक बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत पाहायचा आणि अगदी लहान बाळांचा दोन ते तीन आठवड्यांतच, असा नियम आहे. पाश्चात्त्य देशांत वजनाची ही मर्यादा १५०० ग्रॅम असते. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही तीव्र आरओपी होतो, म्हणून ती वाढवावी लागली.

रोखठोक

मान्य. ऑक्सिजनविषयीचे माझे वाक्य अर्धवट होते. तपासणीबाबत मात्र एक आठवण करून देतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका मुलीच्या प्रकरणात सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली ती मुलगी सरकारी रुग्णालयात राहून घरी गेली, पण पडदा तपासून घ्या असे पालकांना कोणी सांगितलेच नाही. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ किती महत्त्वाची असते, ते त्यावरून कळते.

आडनाव_नको

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. माझ्या जुळ्यांना इंजेक्शन दिले होते. दोघेही आज साडेतीन वर्षांचे आहेत. एकाला मायनस एक आहे, दुसऱ्याला नंबर नाही. त्यामुळे स्पष्टच लिहितो की इंजेक्शन हवे होते. पालकांना तो पर्याय सांगितलाच जात नाही.

तिरकस_डॉक्टर

आडनाव_नको, तुमचा अनुभव आकडेवारीशी जुळतो, पण निष्कर्ष घाईचा आहे.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीट-आरओपी’ अभ्यासात १५० बाळांना लेझर किंवा बेव्हासिझुमॅबचे, म्हणजे व्हीइजीएफला अडवणाऱ्या औषधाचे, डोळ्यात इंजेक्शन दिले गेले. त्यांतील १०९ मुलांचे नंबर सुमारे अडीच वर्षांच्या वयात तपासले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आजार पडद्याच्या अगदी मध्यभागी, म्हणजे झोन एकमध्ये असलेल्या डोळ्यांत सरासरी नंबर लेझरनंतर मायनस ८.४४ होता, इंजेक्शननंतर मायनस १.५१. त्याभोवतीच्या झोन दोनमध्ये लेझरनंतर मायनस ५.८३, इंजेक्शननंतर मायनस ०.५८. फरक मोठा आहे, यात वाद नाही.

पण या नाण्याची दुसरी बाजू पालकांना क्वचितच समजावली जाते. त्याच अभ्यासात आजार परतला तो लेझरनंतर सरासरी ६ आठवड्यांत, आणि इंजेक्शननंतर सरासरी १६ आठवड्यांनी. तोपर्यंत बाळ घरी गेलेले असते, गुटगुटीत झालेले असते, आणि डोळा बाहेरून अगदी छान दिसतो. शिवाय इंजेक्शननंतर पडद्याची कड बरेचदा रक्ताविनाच राहते, म्हणून त्या डोळ्याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. औषधाचा काही अंश रक्तात उतरतो, तेव्हा वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम काय, हा प्रश्नही अभ्यासकांनी अजून मिटलेला मानलेला नाही. पुढे त्याच प्रकारच्या रॅनिबिझुमॅबला २०१९ मध्ये युरोपात आणि अफ्लिबरसेप्टला २०२३ मध्ये अमेरिकेत आरओपीसाठी मान्यता मिळाली, म्हणजे वाट रुंद होते आहे. झोन एकमधल्या आजारात मी स्वतः इंजेक्शनकडे झुकतो. झोन दोनमध्ये लेझर हा आजही भक्कम आणि एकदाच करून मोकळे होण्याजोगा उपचार आहे.

वैनगंगा

‘एकदाच’ या शब्दाखाली मी दुहेरी रेघ ओढते. आमच्याकडे एका आईला तपासणीसाठी यायचे तर पहाटेची एसटी, मग वडाप, मजुरी बुडते ती वेगळीच, आणि परतायला रात्र होते. इंजेक्शन दिलेल्या बाळाला चार महिने दर दोन आठवड्यांनी आणा, असे तिला सांगणे म्हणजे काय, हे शहरात बसून कळणार नाही. आकडे योग्यच आहेत. पण सोळाव्या आठवड्यात न आलेल्या बाळाचा नंबर कोणत्याच अभ्यासात येत नाही.

आडनाव_नको

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. आमचे रुग्णालय घरापासून दहा मिनिटांवर होते आणि तरीही दोन तारखा चुकल्या होत्या. मुक्ताई, माझ्या वरच्या प्रतिसादाने तुम्हाला अपराधी वाटले असेल तर क्षमस्व.

मुक्ताई_२८

वाटले होते, खोटे कशाला बोलू. आज फाइल काढून पाहिली. ‘झोन २, स्टेज ३, प्लस’, म्हणजे लगेच उपचार लागण्याइतका वाढलेला आजार, असे लिहिलेले आहे. त्या दिवशी माझ्या लक्षात फक्त ‘उद्या सकाळी’ एवढेच राहिले होते.

सातमासी

इतके दिवस हा धागा नुसता वाचत होते. माझा जन्म १९९० चा, मुंबईतला, सातव्या महिन्यातला. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ असे म्हणत आजीने मला कापसात गुंडाळून वाढवले. पडदा तेव्हा कोणी पाहिला नाही. आरओपी होऊन आपोआप बसला, पण जाता जाता पडद्याचा मध्यबिंदू कानाच्या बाजूला ओढून गेला.

त्याचा परिणाम विचित्र आहे. माझा डावा डोळा बाहेर वळलेला दिसतो, पण तो तिरळा नाही. तिसरीत असताना एका डॉक्टरांनी माझा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने पेनचे टोक पाहायला सांगितले. डावा जागचा हलला नाही. खरा तिरळा असता तर तो टोक पकडायला आत वळला असता. मध्यबिंदू सरकल्यामुळे सरळ पाहायलाच तो बाहेर वळून बसतो. त्याआधी दोन ठिकाणी शस्त्रक्रिया सुचवली गेली होती. ती झाली असती तर दिसायला सरळ आणि पाहायला वाकडी झाले असते.

माझा नंबर मायनस अकरा आहे. पाच वर्षांची होईपर्यंत चष्मा मिळाला नाही आणि डावा डोळा आळशी राहिला तो राहिलाच. मुक्ताई, तिसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच. बत्तिसाव्या वर्षी पडद्याच्या कडेला छिद्र सापडले, तेव्हा लेझर माझ्याही वाट्याला आले. पुढचा कप्पा उथळ असल्यामुळे काचबिंदूसाठी दरवर्षी डोळ्याचा दाबही पाहतात. चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली, तर डॉक्टर हसून म्हणाले की तुमच्या डोळ्याला हात लावायची माझी छाती नाही.

तिरकस_डॉक्टर

सातमासी, फसवा तिरळेपणा इतका सोपा करून मला विद्यार्थ्यांना सांगता आलेला नाही. पुढच्या वर्गात तुमचे वाक्य वापरीन.

आता तिसरा प्रश्न. मायनस साडेआठचा डोळा स्पष्ट पाहू शकतो तो सुमारे बारा सेंटिमीटरपर्यंत, मायनस सहाचा साधारण सतरापर्यंत. कुरमुरा नाकाशी जातो तो म्हणूनच. वर्षाच्या आतल्या बाळाचे जग जवळचे असते, त्यामुळे मायनस दोन-तीनला आम्ही चष्मा देतही नाही. दोन्ही डोळ्यांत मायनस पाच किंवा जास्त असेल तर देतो, आणि वय वाढेल तशी ती मर्यादा खाली येते. तुमच्या मुलीचा नंबर त्यापलीकडे आहे. शिवाय दोन्ही डोळ्यांत अडीच नंबरांचा फरक आहे, आणि मेंदू नेहमी स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्याची निवड करतो. दुसरा डोळा निरोगी असूनही मागे पडतो. तेव्हा झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर चष्मा. गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी. ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

चष्मा लावूनही ती चेहऱ्याकडे पाहत नाही असे वाटले तर तेही डॉक्टरांना सांगा. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांत मेंदूतल्या दृष्टिमार्गाला इजा असते, आणि ती चष्म्याने भरून निघत नाही.

काकूबाई

हल्ली शाळकरी मुलांना नंबर वाढू नये म्हणून ॲट्रोपिनचे सौम्य थेंब देतात, उन्हात खेळायला सांगतात. ते येथे चालेल का?

तिरकस_डॉक्टर

ते अभ्यास लांब होत जाणाऱ्या डोळ्यांच्या शाळकरी मुलांवर झालेले आहेत. येथला दोष पुढच्या भागात आहे, त्यामुळे ते निष्कर्ष उचलून येथे लावता येत नाहीत. अंगणात खेळू द्यावे, त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही.

भिंगवाला

आता माझ्या हक्काचा विषय आला. फ्रेम सिलिकॉनची, एकसंध, मागून पट्टा असलेली घ्या, काचा पॉलिकार्बोनेटच्या. फ्रेम लहान आणि गोल ठेवा, म्हणजे कडा जाड होत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाळाला नाकाचे हाड जवळजवळ नसते, त्यामुळे चष्मा घसरतो. मायनस साडेआठची काच एक सेंटिमीटर पुढे सरकली तर डोळ्याला ती मायनस आठपेक्षाही कमी भरते. म्हणजे घसरलेला चष्मा हा वेगळ्या नंबरचा चष्मा! पट्टा कानामागे काचू नये इतपत सैल आणि काच बाहुलीसमोर राहील इतपत घट्ट असावा. पहिले आठ दिवस ती तो काढून फेकेल. निमूटपणे पुन्हा लावा आणि लावल्याबरोबर हातात काहीतरी द्या.

मुक्ताई_२८

दहा आठवड्यांनी लिहिते आहे. भिंगवाले दादा, आठ नव्हे, सतरा दिवस फेकला. मी दिनदर्शिकेवर तास मांडत होते: पहिल्या दिवशी पावणेदोन, आता साडेनऊ. काल फेरतपासणी झाली. उजवा मायनस साडेआठच आहे, डावा मायनस सव्वासहा. डॉक्टर म्हणाले, आत्ता नंबर उतरण्याची वाट पाहायची नाही, डोळा वापरात ठेवायचा. डाव्यावर रोज एक तास पट्टी सुरू केली आहे. पडदा सपाट आहे. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

मी दारातून हसले तर ती कधी पाहते, कधी नाही. पण कुरमुरे आता ताटलीतून थेट तोंडात जातात. परवा तिने खिडकीच्या गजावर बसलेल्या कावळ्याकडे बोट केले आणि त्याच्यावर चष्मा फेकला. पट्ट्याची कडी तुटली आहे. ती वेगळी मिळते का?

भिंगवाला

मिळते. फ्रेमच्या आतल्या बाजूला माप लिहिलेले असेल ते कळवा. कड्यांची एक जोडी जास्तीची घेऊन ठेवा, कावळे रोज येतात.